रोटा कुणी लिहिला?

या प्रवासाला निघताना तुमचं नाव, वय, आडनाव सगळं इथेच ठेवायचं आहे. तिकडे पोचाल तेव्हा तुम्ही एका मराठी डॉक्टरची मुलगी असाल. जन्म सांगलीचा, वाढ इंग्लंडमध्ये, लँकेशायरच्या एका गिरणगावात. बरोबर एकच गोष्ट नेता येईल, ती म्हणजे पुढे काय घडणार आहे याची माहिती. मात्र ती कुणाला सांगता येणार नाही. ही मुलगी आणि तिच्या घरची माणसं कल्पनेतली आहेत. तिच्या वाटेत येणारे कायदे, अहवाल आणि आकडे खरे आहेत.

ओल्डहॅम, जुलै १९७८

तुम्ही चौदा वर्षांच्या आहात आणि तुमच्या गावात एवढे पाहुणे यापूर्वी कधीच आले नव्हते. ओल्डहॅम जनरल हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर देशोदेशीचे वार्ताहर कॅमेरे घेऊन ठाण मांडून आहेत. २५ तारखेच्या रात्री, बारा वाजायला तेरा मिनिटं असताना, डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांच्या देखरेखीखाली सिझेरियन होतं आणि लुईझ ब्राउन जन्माला येते. शरीराबाहेर गर्भधारणा होऊन जन्मलेलं जगातलं पहिलं मूल, आणि ते तुमच्या गावात!

सकाळी बाबा चहाचा कप बाजूला ठेवून कागदावर आकृती काढतात. पोटाला बारीकसं छिद्र पाडून आत दुर्बीण कशी घालतात, बीजकोशातलं बीज कसं टिपून घेतात, काचेच्या बशीत पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार कशा होतात. तुम्ही विचारता, “त्या बशीवर लक्ष कोण ठेवतं?” बाबा म्हणतात, “जीन पर्डी नावाची नर्स आहे, ती.” हॉस्पिटलमध्ये या जन्माच्या आठवणीसाठी लागणाऱ्या फलकावर या नर्सचं नाव कितीतरी वर्षं नसेल. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण नियम पाळून तुम्ही गप्प बसता आणि एवढंच म्हणता, “मी सर्जन होणार.”

आई पोहे परतता परतता थांबते. बाबा आकृतीकडे बघत राहतात.

बाबांनाही सर्जनच व्हायचं होतं. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन १९६५ साली ते इथे आले तेव्हा खिशात तीन पौंड होते. परकीय चलनाचा तुटवडा होता आणि प्रवाशाला तेवढेच बरोबर नेऊ देत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला, एनएचएसला, डॉक्टर हवे होते, पण इथल्या डॉक्टरांना जिथे जायचं नसे तिथे. बाबांनी सर्जरीच्या जागांसाठी अर्ज केले आणि त्यांना जागा मिळाली ती म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डात, एका जुन्या वर्कहाऊसच्या इमारतीत. कधीकाळी गावातले निराधार तिथे कामाला जुंपले जात. भारतीय उपखंडातून आलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी डॉक्टरांची हीच कहाणी आहे. वृद्धांचे आणि मनोरुग्णांचे वॉर्ड त्यांनी तोलून धरले. बाबांनी ते काम कधी कमी प्रतीचं मानलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा पायांवर उभं करायची विद्या त्यांनी तिथे कमावली.

आता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा. तिथे एक कागद चिकटवलेला आहे. बाबांच्या ड्यूट्यांचं वेळापत्रक. त्याला इथे सगळे ‘रोटा’ म्हणतात. घरातले सणवार, पाहुणे, आईचं माहेरी जाणं, सगळं त्या कागदाला विचारून ठरतं. आई विलिंग्डन कॉलेजची बी.एस्सी., लग्नाआधी सांगलीत शाळेत शिकवायची. तुम्हाला कडेवर घेऊन ती १९६७ मध्ये इथे आली. ज्युनियर डॉक्टरची नोकरी सहा महिन्यांची, फार तर वर्षाची. ती संपली की पुढचं गाव, पुढचं क्वार्टर. आईने पेट्या बांधल्या आणि सोडल्या, पुन्हा बांधल्या आणि सोडल्या. कुठल्याच गावात ती नोकरी धरण्याइतकी राहिली नाही. त्या कागदावर तिचं नाव नाही, पण ती नसती तर त्यावरची एकही ड्यूटी झाली नसती.

डिसेंबर १९८२

जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरलेला आहे. ब्रिटनमधल्या सगळ्या विद्यापीठांसाठी एकच छापील अर्ज असतो आणि त्यात पाच पसंती लिहायच्या असतात. तुम्ही मेडिकलची पाच कॉलेजं लिहिता, त्यांतलं एक लंडनचं. गुण चांगले आहेत. वंश किंवा वर्ण विचारणारा रकाना अर्जात नाही. आहेत ते नाव, आडनाव, मुलगा की मुलगी, आणि जन्मस्थान. ‘सांगली, भारत,’ असं तुम्ही स्वच्छ अक्षरात लिहिता.

इथे तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल. कारण लंडनच्या सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूलमध्ये या वर्षापासून अर्जांची पहिली चाळणी एक कॉम्प्युटर करतो आहे. तिथल्याच एका डॉक्टरने काही वर्षं खपून तो प्रोग्रॅम लिहिला. हेतू चांगला होता. अर्जांच्या ढिगाऱ्यातून निवड लवकर व्हावी आणि सगळ्यांना एकच माप लागावं. त्यासाठी आधीच्या वर्षांत निवड समितीने कोणाला बोलावलं आणि कोणाला नाकारलं, ते यंत्राला दाखवलं गेलं. यंत्र इमानी निघालं. समितीच्या निवडीशी त्याची निवड शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा जुळू लागली. समितीच्या मनात जे होतं तेही त्याने उचललं होतं. अर्जदार मुलगी असेल तर गुण वजा. आडनाव आणि जन्मस्थान युरोपबाहेरचं वाटलं तर आणखी वजा, आणि ही वजाबाकी मोठी.

मार्चमध्ये लंडनच्या कॉलेजचं पत्र येतं. मुलाखतीलाही बोलावलेलं नाही. ते कॉलेज कुठलं, हे महत्त्वाचं नाही. यंत्र असो की माणूस, नकाराच्या पत्रात कारण लिहीत नाहीत. बाबा पत्र घडी घालून पाकिटात ठेवतात आणि म्हणतात, “तुझे गुण कमी पडले असतील.” त्यांना खरंच तसं वाटतं. स्थलांतरित माणूस पहिल्यांदा स्वतःलाच तपासतो. तुम्ही रात्रभर रसायनशास्त्राची वही उघडून बसता आणि नसलेली चूक शोधत राहता.

उत्तरेतलं एक कॉलेज मात्र मुलाखतीला बोलावतं आणि जागाही देतं.

१९८८

फेब्रुवारीत शेवटच्या परीक्षेचा अभ्यास चालू असताना वर्तमानपत्रात बातमी येते. वांशिक समानता आयोगाने सेंट जॉर्जेसची रीतसर चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला आहे. दरवर्षी येणाऱ्या सुमारे २,००० अर्जांपैकी ६० पर्यंत उमेदवार निव्वळ स्त्री असल्यामुळे किंवा वंशामुळे मुलाखतीपर्यंत पोचले नसावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

हे बाहेर आलं कसं, ते नीट वाचा. त्याच संस्थेतल्या दोन डॉक्टरांनी, जो कॉलियर आणि जमैकात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ ॲग्री बर्क यांनी, स्वतःच्याच कॉलेजाबद्दल १९८६ च्या अखेरीस आयोगाकडे तक्रार केली. अहवालात आणखी एक गोष्ट आहे. लंडनच्या इतर बहुतेक मेडिकल कॉलेजांपेक्षा सेंट जॉर्जेसमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थी जास्तच होते. याचा अर्थ हा भेद इतरत्रही होता, कदाचित अधिकच होता. पण इतर ठिकाणी तो माणसांच्या डोक्यात होता आणि तिथे त्याची नोंद राहत नव्हती. इथे यंत्राने तो आकड्यांत लिहून ठेवला, म्हणून सापडला. या प्रवासातून हे नक्की घेऊन या. अन्याय जोवर कागदावर येत नाही, तोवर तो सोसणाऱ्याचीच उणीव ठरतो.

तुम्ही ते पान कापून बाबांना पाठवता. रात्री त्यांचा फोन येतो. ते फक्त एवढंच म्हणतात, “तुझे गुण पुरेसे होते गं.”

ऑगस्टमध्ये तुम्ही हाऊस ऑफिसर होता. हाऊस ऑफिसर म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीची डॉक्टर. पांढऱ्या कोटाच्या खिशात बिप, म्हणजे पेजर, येतो आणि त्या दिवसापासून तुमची झोप त्याच्या मालकीची होते. शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलात शिरलात की सोमवारी संध्याकाळी बाहेर. मधे जी झोप मिळेल ती तुकड्यातुकड्यांनी. रात्री तीनला सलाईन बसवताना एका शिरेच्या दोन दिसतात. पहाटे मेसमध्ये टोस्ट जळतो, कारण तो भाजायला ठेवणारा उभ्याउभ्याच पेंगलेला असतो. ठरलेल्या तासांपलीकडच्या या कामाला दर मिळतो तो नेहमीच्या दराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा. रात्रीचा तास इतका स्वस्त असताना जास्त डॉक्टर नेमायची घाई कुणाला असणार?

याच सुमारास लंडनमध्ये क्रिस जॉन्स्टन हा ज्युनियर डॉक्टर आपल्या आरोग्य प्राधिकरणाविरुद्ध कोर्टात जातो. त्याच्या करारात आठवड्याचे ४० तास आणि वर सरासरी ४८ तासांची ऑन-कॉल बांधिलकी आहे. म्हणजे एकूण ८८. अशाने माझी तब्येत बिघडली, असं तो म्हणतो. अपील न्यायालय त्याचा दावा पुढे चालू देतं. १९९१ मध्ये सरकार आणि डॉक्टरांमध्ये करार होतो आणि बहुतेक रोट्यांवर ७२ तासांची मर्यादा ठरते. त्या कराराला ‘न्यू डील’ म्हणतात. आठवड्याला ७२ तास ही सुधारणा होती, एवढ्यावरून आधीचा काळ ओळखा.

१९९२

तुमचं लग्न झालेलं आहे. नवरा मँचेस्टरला विमा कंपनीत आहे, घरचं मराठी टिकवून असलेला, डाळीला फोडणी नीट देणारा. तुम्ही सर्जरीच्या शिडीवर दुसऱ्या पायरीवर आहात, पहिली परीक्षा पास. आणि बाळ चार महिन्यांचं आहे.

कायद्याने बाळंतपणाच्या रजेत पहिले सहा आठवडे पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे बारा आठवडे ठरावीक छोटी रक्कम मिळाली. नवऱ्याला पितृत्वरजा मिळाली नाही, कारण तसा कायदाच नाही. तो २००३ मध्ये येईल. त्याने शिल्लक सुट्टीतले दिवस वापरले आणि कचेरीत सांगताना कारण म्हणून घराची डागडुजी दिली.

कामावर परतायच्या आधीच्या रविवारी सगळे आईकडे जमलेले आहात. तुम्ही गृहीत धरून बोलायला लागता, “आई, मग सोमवारपासून…”

आई बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आहे. ती म्हणते, “बुधवार, शुक्रवार माझ्याकडे आण. रात्री-अपरात्री बोलाव, धावत येईन. पण सोमवार, मंगळवार, गुरुवार माझं क्लिनिक असतं. ते मी सोडणार नाही.”

आईचं क्लिनिक म्हणजे काय, हे तुम्हीही कधी नीट विचारलेलं नाही. १९८४ मध्ये सरकार आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने मिळून आशियाई माता आणि बाळांसाठी एक मोहीम काढली. इंग्रजी न येणाऱ्या गरोदर बायकांसोबत डॉक्टरांपर्यंत जाणाऱ्या, त्यांची भाषा बोलणाऱ्या ‘लिंकवर्कर’ नेमल्या गेल्या. पुढे शेजारच्या एका आरोग्य विभागानेही तशा जागा काढल्या. आईने पन्नाशीला टेकताना अर्ज केला. हिंदी आणि कामापुरतं गुजराती या तिच्या भांडवलावर ती आता मीरपूरहून, सुरतेहून आलेल्या पोरींना तपासणीच्या खोलीत घेऊन जाते. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगते आणि त्यांना काय दुखतंय ते डॉक्टरांना. महिन्याच्या शेवटी तिच्या नावाचा पगार येतो.

“आई, पण माझं करिअर…”

“तुझ्या बाबांच्या रोट्यात माझी वीस वर्षं गेली,” आई शांतपणे म्हणते. “तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. तुझं शिक्षण व्हायलाच हवं. पण ते माझ्या नोकरीवर उभं करू नकोस. त्याला पण दोन हात आहेत,” असं म्हणून ती जावयाकडे बघते.

तुम्हाला राग येतो. येऊ द्या. तिथे थोडा वेळ बसा. कारण आपल्या कथांमधली आई अशा वेळी कंबर कसून उभी राहते, आणि आपण त्या त्यागाला नमस्कार करून मोकळे होतो. ही आई तसं करत नाही. जो भार हॉस्पिटलने उचलायचा, तो दर पिढीत एका बाईने मुकाट्याने उचलायचा, ही साखळी ती आपल्या घरात तोडते आहे. रस्त्यात गाडी चालवताना नवरा म्हणतो, “मंगळवारी मी चारला निघेन. साहेब हसला तर हसू दे.” उरलेल्या दिवसांसाठी पुढच्या गल्लीत एक नोंदणीकृत चाइल्डमाइंडर सापडते. ती तुम्हाला एकदाही विचारत नाही की एवढ्या लहान बाळाला सोडून कशाला जाता. लँकेशायरच्या गिरणगावांत लग्न झालेल्या बायकांनी पहाटे गिरणीत जाणं आणि तान्हं पोर शेजारणीकडे ठेवणं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आहे. तिची आई, आजी, दोघी सूतगिरणीत होत्या. प्रश्न विचारला जातो तो मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला. “बाळ कुणाकडे असतं गं?” विचारणाऱ्यांपैकी कुणीही तुमच्या नवऱ्याला हे विचारत नाही.

आता वॉर्डात चला. सकाळी नऊला लागलेली ड्यूटी उद्या संध्याकाळी पाचला संपणार आहे. रात्री अकराला बिप वाजतो. मुलांच्या वॉर्डात आठ वर्षांचा मुलगा, पोटात दुखतंय, अपेंडिक्सची शंका. तुम्ही त्याच्या पोटावर हात ठेवता, उजव्या बाजूला खाली दाबून हलकेच सोडता. तो कळवळतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाळण्यातलं एक तान्हं रडायला लागतं, आणि तुमच्या छातीत कळ येते. शरीराला बाळ कुणाचं ते कळत नाही. रडण्याचा आवाज कानावर पडला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध उतरतं. ब्लाउज ओला होतो, वरचा कोट ओला होतो. तुम्ही कोटाची बटणं लावता, मुलाच्या आईला ऑपरेशन समजावून सांगता, संमतीपत्रावर सही घेता. शेवटचं दूध पाजून चौदा तास उलटून गेलेत. छाती दगडासारखी घट्ट आहे आणि अंगात कणकण आहे. दूध साचून राहिलं तर गाठी होतील, ताप चढेल, आणि हळूहळू दूध आटेल. हे तुम्ही रुग्णांना सांगत आलात.

हॉस्पिटलात यासाठी खोली नाही. रात्रपाळीची सिस्टर तुमच्याकडे एकदा बघते आणि काही न बोलता चादरींच्या कोठीचं दार उघडते. आत खुर्ची ठेवते, दाराला बाहेरून पाठ लावून उभी राहते. “दहा मिनिटं. बिप माझ्याकडे द्या,” ती म्हणते. हातपंपाने दूध काढता काढता तुम्हाला समोर रचलेल्या चादरींवर हॉस्पिटलचं छापील नाव दिसतं. या इमारतीत हजारो बाळं जन्माला आली. इथे काम करणाऱ्या आईसाठी मात्र ही कोठी, आणि तीही एका बाईच्या मेहेरबानीने.

मग हात धुऊन तुम्ही थिएटरमध्ये जाता आणि त्या मुलाचं अपेंडिक्स काढता. टाके सुबक पडतात. हेही पूर्ण खरं आहे. त्या क्षणी तुम्ही थकलेल्या आहात आणि तुम्हाला जगात दुसरीकडे कुठेही असावंसं वाटत नाही.

१९९३

रजिस्ट्रारच्या, म्हणजे शिडीवरच्या पुढच्या पायरीच्या, जागांसाठी तुम्ही अर्ज पाठवत आहात आणि मुलाखतीची पत्रं कमी येत आहेत. जिथे बोलावतात तिथे एक प्रश्न ठरलेला, “दुसऱ्या बाळाचं काय ठरवलंय?” संशोधक इसोबेल ॲलन यांनी १९८८ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या कारकिर्दींवर जे मोठं काम प्रसिद्ध केलं, त्यात स्त्री डॉक्टरांच्या तोंडून असेच प्रश्न नोंदलेले आहेत. ब्रिटनमध्ये या काळात कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यांत वरच्या पायरीच्या, सर्जनांपैकी स्त्रिया जेमतेम ३ टक्के आहेत. याच वर्षी ॲव्हरिल मॅन्सफील्ड देशातल्या सर्जरीच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक होतात. तुम्ही त्यांचा फोटो कापून रोट्याशेजारी लावता.

आणि मग ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनीझ इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांचा छोटासा लेख येतो. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज तयार केले. शिक्षण, अनुभव सारखाच, फक्त नावं वेगळी. काही इंग्रजी, काही आशियाई. ते जाहिरात आलेल्या जागांसाठी पाठवले. इंग्रजी नावाच्या उमेदवाराची निवडयादीत येण्याची शक्यता दुप्पट निघाली. या कामाबद्दल पोलिसांनी दोघांना अटक केली, खोटे अर्ज केल्याचा आरोप ठेवला. पुढे तो मागे घेतला गेला. तुमच्या अर्जांच्या बाबतीत काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, पण आता तुम्ही रात्री वही उघडून चूक शोधत बसत नाही.

वाट निघते ती एका जुन्या, अपमानातून जन्मलेल्या सोयीतून. ऑक्सफर्डमध्ये १९५० च्या दशकात रोझमेरी रू या तरुण डॉक्टरला नोकरी गमवावी लागली, कारण तिचं लग्न झालेलं आहे आणि तिला मूल आहे, हे उघडकीला आलं. पुढे पोलिओने तिचा पाय अधू केला. मुलांना वाढवत ती आरोग्य प्रशासनात वर चढत गेली आणि हातात अधिकार येताच तिने घरी बसलेल्या स्त्री डॉक्टरांना हुडकून काढलं. त्यांच्यासाठी अर्धवेळ प्रशिक्षणाच्या जागा तयार केल्या. त्या प्रयोगाचं अनुकरण देशभर झालं. १९७२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर योजना आली, आणि मूल लहान असताना आठवड्याला थोडं काम करत राहून डॉक्टरकीशी नातं टिकवण्याची सोय झाली.

तुम्ही अर्धवेळ प्रशिक्षणाची जागा मागता. मिळते. हिशेब करून बघा, पूर्णवेळ म्हणजे ७२ तास धरले तर त्यातलं साठ टक्के म्हणजे बाहेरच्या जगातली भरगच्च पूर्ण नोकरीच. एक ज्येष्ठ सर्जन तोंडावर म्हणतात की अर्धवेळ सर्जन म्हणजे अर्धा सर्जन. तुम्ही त्यांना सांगता की तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद तुमच्या वहीत आहे, ती त्यांनी केव्हाही तपासावी. बरोबरीच्या मुलांपेक्षा तुम्हाला कन्सल्टंट व्हायला काही वर्षं जास्त लागणार आहेत. ती वर्षं कुठे गेली असं कुणी विचारलं तर संकोचू नका. त्या वर्षांत एक मूल चालायला, बोलायला आणि मराठीत भांडायला शिकलं.

आणि तुमच्या पहिल्या कन्सल्टंट नेमणुकीचं पत्र येईल तेव्हा ते बाबांना फोनवर वाचून दाखवा. ज्या खात्याचं दार त्यांच्यासाठी उघडलं नाही, त्या खात्याचं नाव ते तुमच्याकडून दोनदा वाचून घेतील.

आज

आता परत या. तुमचं नाव, वय, आडनाव जिथे ठेवलं होतं तिथेच आहे.

तुम्ही तिथून निघालात त्यानंतर बरंच घडलं. १९९० च्या दशकात ब्रिटनच्या मेडिकल कॉलेजांत मुलींची संख्या मुलांपुढे गेली. २००३ पासून लहान मुलांच्या आईबापांना, दोघांनाही, कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क मिळाला. २००९ पासून ज्युनियर डॉक्टरांचा सरासरी आठवडा ४८ तासांवर आला. आणि २०२५ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत, १८५८ च्या कायद्याने ती सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. कन्सल्टंट सर्जनांत मात्र त्या अजूनही अल्पसंख्य आहेत.

यातलं काहीही कुणाच्या चिकाटीच्या बळावर आपोआप घडलं नाही. चिकाटी तर आईकडेही होती, पेट्या बांधणाऱ्या तिच्या हातांत. पण तेवढ्याने रोटा बदलला नाही. रोटा बदलला तो कुणी तक्रार लिहिली, कुणी दावा लावला, कुणी अर्ज पाठवून मोजमाप केलं, कुणी अधिकार हातात येताच जागा निर्माण केल्या, आणि घरात कुणी आपल्या वाट्याचा नकार दिला म्हणून. डॉक्टरच्या घरी डबा करणारी, मूल सांभाळणारी, कुठेही बदली झाली तरी मागून येणारी एक बायको असतेच, असं धरून ते वेळापत्रक आखलेलं होतं. त्या वेळापत्रकात न बसणाऱ्या बाईत खोट नव्हती. खोट त्या धरून चालण्यात होती.

आपल्याकडेही कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तुमच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात ते पाळणाघर आहे का? रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला दूध काढायला खोली आहे का, की तिथेही चादरींची कोठीच आहे? तिची ड्यूटी वाढते तेव्हा घरी कुणाची नोकरी कमी होते?

पुढच्या वेळी लहान मूल असलेली डॉक्टर भेटली की ‘कसं गं सांभाळतेस सगळं?’ असं कौतुकाने विचारू नका. तो प्रश्न तिच्या वरिष्ठांना, तिच्या हॉस्पिटलच्या विश्वस्तांना आणि तिच्या नवऱ्याला विचारा. आणि तुम्ही स्वतः रोटा लिहिणाऱ्यांपैकी असाल, तर उद्याचा रोटा लिहायच्या आधी त्यावर जिच्या नावाची ड्यूटी आहे तिला बोलावून तिच्यासमोर बसून लिहा.